मारिया माँटेसरी

रोम शहरात सान लोरेंझो नावाची एक दरिद्री वस्ती होती. आईबाप पहाटेच कामाला जात आणि शाळेच्या वयाची न झालेली त्यांची मुले दिवसभर जिन्यांवर हुंदडत, भिंती खराब करीत. त्या मुलांना एका खोलीत एकत्र आणून सांभाळावे, असे इमारतीच्या चालकांनी ठरविले व ते काम एका डॉक्टर बाईंवर सोपविले. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे ‘बालगृह’ उघडले. त्या बाई म्हणजे मारिया माँटेसरी.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाले या गावी झाला. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. मंदबुद्धी ठरवून वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेल्या मुलांना त्यांनी शिकविले, तेव्हा त्यांतील काही मुले इतर मुलांच्या बरोबरीने परीक्षा उत्तीर्ण झाली. लोकांनी वाहवा केली. पण मारियाबाईंच्या मनाला निराळीच टोचणी लागली. ही मुले इतकी पुढे येतात, तर धडधाकट मुलांच्या शाळांत काहीतरी उणे असले पाहिजे!

त्या काळी मुले बाकांवर निश्चल बसली, म्हणजे वर्ग चांगला आणि शिक्षकही चांगला, असे मानीत. बालगृहात या मापाला धक्का बसला. एकदा सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लहानमोठे लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या खोबणीत बसवीत होती. सगळे बसले की ती ते काढी व पुन्हा आरंभ करी. मारियाबाई मोजू लागल्या. भोवती इतर मुलांना गावयास लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम थांबेना. चाळिसांहून अधिक वेळा तेच करून ती थांबली, तेव्हा तिच्या मुद्रेवर थकवा नव्हता. उलट टवटवी होती.

दुसरा प्रसंग शिक्षिकेचा. या बाईंना अध्यापनाचे शिक्षण मिळालेले नव्हते, आणि मारियाबाईंना ते सोयीचेच वाटले. एके दिवशी त्यांना यायला उशीर झाला. आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावायचे राहिले होते. येऊन पाहतात तो मुलांनी आपापली साधने काढून कामाला प्रारंभ केलेला! बाईंना ही चोरी वाटली. शिक्षा करावी, असे त्यांच्या मनात आले. मारियाबाईंना मात्र त्यात मुलांची निवड दिसली. पुढे मुलांचा हात पोहोचेल अशी ठेंगणी, उघडी कपाटे आली.

येथून शिक्षिकेच्या कामाचे माप बदलले. तिने किती शिकविले, यापेक्षा मूल किती वेळ तन्मय झाले आणि तिने मध्येच त्याला थांबविले की काय, हे पाहावयाचे ठरले. त्यासाठी शिक्षिकेने दूर बसून निरीक्षण करावे, ते लिहून ठेवावे, असा मारियाबाईंचा आग्रह असे. मुलाने काम केव्हा घेतले, केव्हा सोडले, याचे आलेखही त्या काढीत. मोजमापाची सवय वैद्यकाची. ती येथे उपयोगी पडली. हे काम सोपे नव्हे. मूल अडखळताना पाहून मदतीला न धावणे फार कठीण जाते.

१९३६ पर्यंत मुसोलिनीच्या राजवटीने त्यांच्या इटलीतील शाळा बंद केल्या. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या व तेथे त्यांनी सुमारे तीनशे जणांना आपली पद्धती शिकविली. पुढे महायुद्धात इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध घातले, तरी त्यांचे शिकविणे थांबले नाही. कोडाईकनालच्या मुक्कामातही त्या बालकांचे निरीक्षण करीत राहिल्या. ६ मे १९५२ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, हॉलंडमधील समुद्रकाठच्या नोर्डवाइक या गावी त्यांचे निधन झाले.