जी. एन. रामचंद्रन : प्रोटीनचा नकाशा काढणारा माणूस

इन्स्टाग्रामवर दोन-चार रील्स स्क्रोल केल्या की कोलॅजेन पावडरची जाहिरात येतेच. कोलॅजेन म्हणजे आपली त्वचा, हाडं, कूर्चा यांना धरून ठेवणारं प्रोटीन. पण ते आतून कसं दिसतं याचा पहिला खरा अंदाज आला तो मद्रासमध्ये, 1954-55 साली. तो बांधणारे होते गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन.

जन्म 8 ऑक्टोबर 1922, एर्नाकुलमचा. वडील गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे गणित घरातच होतं. त्रिचीला फिजिक्स करून 1942 मध्ये ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाले, आणि ब्रांच घेतली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग! तिथे सी. व्ही. रामन यांची नजर त्यांच्यावर पडली आणि त्यांनी या मुलाला सरळ फिजिक्समध्ये ओढून घेतलं. (ब्रांच बदलून मिळणं आजही किती अवघड आहे हे इंजिनिअरिंगवाल्यांना वेगळं सांगायला नको.) मग केंब्रिजला दोन वर्षं, तिथली पीएचडी, परत बंगलोर. 1952 मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना फिजिक्स विभागाचे प्रमुख केलं. वय जेमतेम तीस.

त्याच सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट सुटलेली नाही, हे बोलण्यात निघालं. रामचंद्रन यांनी तेच काम हातात घेतलं. मद्रासमध्येच सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूट होती. चामड्यावर काम करायचं म्हणजे कोलॅजेनवरच काम करायचं. तिथून कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध मिळाला. त्यावर एक्स-रे सोडून पडद्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मॉडेल बांधलं : तीन साखळ्या, एकमेकींभोवती पिळलेल्या, अगदी दोरखंडासारख्या. पिळाच्या मधोमध जागा इतकी कमी की तिथे फक्त ग्लायसीन हे सगळ्यात छोटं अमिनो आम्ल मावतं. म्हणूनच कोलॅजेनमध्ये दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन असतं.

मग आला फटका. 1955 मध्येच अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक (हो, डीएनएवाले क्रिक) यांनी म्हटलं की पीळ ठीक आहे, पण या मॉडेलमध्ये काही अणू एकमेकांच्या फार जवळ आलेत आणि दर तीन अमिनो आम्लांमागे दोन हायड्रोजन बंध बसणार नाहीत, एकच बसेल. आज मान्य असलेल्या रचनेत बंध एकच धरला जातो, म्हणजे त्या मुद्द्यावर टीका बरोबर होती. तीन साखळ्यांच्या पिळाची मूळ कल्पना मात्र मद्रासचीच टिकली.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. नुसता वाद घालत बसण्याऐवजी रामचंद्रन यांनी प्रश्नच बदलला. ‘फार जवळ’ म्हणजे नक्की किती? त्यांनी तोपर्यंत छापून आलेल्या स्फटिकांच्या रचना गोळा केल्या आणि कोणते दोन अणू किती जवळ येऊ शकतात याची यादी बनवली.

आता थोडं प्रोटीनबद्दल. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध ताठ असतो, तो सहसा फिरत नाही. पण प्रत्येक अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनच्या दोन्ही बाजूंचे बंध फिरतात. त्या दोन कोनांची नावं फाय आणि साय. हे कोन दहा-दहा अंशांनी फिरवून बघितले तरी एका अमिनो आम्लामागे 36 गुणिले 36, म्हणजे 1296 शक्यता. शंभर अमिनो आम्लांची साखळी असेल तर मोजायलाच नको.

रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी एकेका कोनाच्या जोडीला अणू एकमेकांवर आदळतात का ते तपासलं. आदळले तर ती जोडी बाद. कोडिंगच्या भाषेत ब्रूट फोर्स, फक्त लॅपटॉपऐवजी टेबलावरचा कॅल्क्युलेटर. निकाल 1963 मध्ये छापला : आडव्या अक्षावर फाय, उभ्या अक्षावर साय, आणि बहुतेक चौकोन रिकामा! थोडीच बेटं उरली. अल्फा हेलिक्स आणि बीटा शीट या प्रोटीनच्या दोन नेहमीच्या घड्या बरोबर त्या बेटांवर पडतात. ग्लायसीनला मात्र खूप जास्त मोकळीक, कारण त्याला अडखळायला मोठी बाजूची साखळीच नाही. तेव्हा जगात प्रोटीनच्या अणूपातळीवरच्या रचना बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढे हजारो रचना आल्या आणि त्यातले बहुतेक ठिपके याच बेटांवर पडले. या आलेखाला आज जगभर रामचंद्रन प्लॉट म्हणतात.

1970 च्या आसपास ते बंगलोरला परतले आणि तिथे मॉलिक्युलर बायोफिजिक्स विभाग उभा केला. 1971 मध्ये ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासोबत त्यांनी एक्स-रे चित्रांवरून त्रिमितीय प्रतिमा झटपट बांधायची गणिती पद्धत दिली. सीटी स्कॅनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या धाटणीचं गणित पुढे अनेक वर्षं वापरलं गेलं. 1979 चं सीटी स्कॅनचं नोबेल दुसऱ्यांना मिळालं. रामचंद्रन यांना नोबेल कधीच मिळालं नाही.

शेवटची वर्षं पार्किन्सनने खाल्ली. 1998 मध्ये पत्नी राजलक्ष्मी गेल्या. 1999 मध्ये स्फटिकशास्त्रातला इवाल्ड पुरस्कार मिळाला आणि 7 एप्रिल 2001 रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं.

आज अल्फाफोल्डसारखं एआय प्रोटीनचा आकार सांगतं, तरी तो आकार धड आहे का हे बघताना रामचंद्रन प्लॉट काढतातच. बघायचं असेल तर फोनवर प्रोटीन डेटा बँक उघडा, कोलॅजेन शोधा आणि एखाद्या रचनेच्या पानावरची रंगीत पट्ट्यांची तपासणी बघा. त्यात ‘रामचंद्रन आउटलायर्स’ नावाची पट्टी असते. खुणेची रेघ निळ्या बाजूला असेल तर रचना ठीक, लाल बाजूला असेल तर कुणाचे तरी अणू आदळतायत.