सर हंफ्री डेव्ही आणि राखेंतील धातु

लातूर व नांदेड या शहरांत परीक्षेंतील गुणांसाठीं दूरदूरच्या गांवांहून मुलें येतात आणि आवर्तसारणीच्या पहिल्या गणांतील अल्क धातूंचीं नांवें मुखोद्गत करतात. परंतु त्यांतील पहिले दोन धातु ज्यानें उजेडांत आणले, तो एका दुकानांतील उमेदवार होता, हें त्यांना कोणीं सांगावें?

हंफ्री डेव्हीचा जन्म 17 डिसेंबर 1778 रोजीं इंग्लंडांतील पेन्झन्स गांवीं झाला. बाप लांकडावर नक्षी कोरणारा कारागीर. तो 1794 सालीं वारला आणि दुसऱ्याच वर्षीं हा थोरला मुलगा एका वैद्याच्या हाताखालीं उमेदवारीस लागला. विद्यापीठांत न शिकतां, औषधें करतां करतां तो रसायनशास्त्र शिकला आणि 1801 सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें नेमला गेला.

लांकडाच्या राखेंतील खाराचा गुण आपल्याकडे राखेनें भांडीं घासणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक होता. त्या खारापासून केलेल्या दाहक पोटॅशमधून डेव्हीनें 1807 च्या ऑक्टोबरांत विजेचा प्रवाह सोडला, तोंच पाऱ्यासारखे चकाकणारे थेंब दिसूं लागले. तें पोटॅशियम. थोड्याच दिवसांत कॉस्टिक सोड्यांतून सोडियम निघालें. दोन्ही धातु सुरीनें कापावे इतके मऊ, पाण्याहून हलके; पाणी लागतांच हायड्रोजन वायु सोडून पुन्हां खार होणारे, म्हणून तेलांत राखावे लागणारे. पुढें लिथियम, सीझियम, रुबिडियम हे भाऊबंद सांपडले. प्रत्येकाच्या अणूच्या बाहेरील कक्षेंत एकच इलेक्ट्रॉन असतो व तो सहज सुटतो, हें या कुळसाम्याचें कारण विसाव्या शतकांत उमगलें.

खाणकामगारांसाठीं 1815 सालीं केलेल्या सुरक्षित दिव्याचें पेटंट डेव्हीनें घेतलें नाहीं. पुस्तकबांधणीचें काम शिकलेल्या फॅरडेला त्यानेंच 1813 सालीं प्रयोगशाळेंत घेतलें. परंतु तोच फॅरडे रॉयल सोसायटीचा सभासद होऊं लागला, तेव्हां अध्यक्षपदीं असलेल्या डेव्हीनें विरोध केला. 1824 सालीं फॅरडे निवडून आलाच. डेव्ही 29 मे 1829 रोजीं जिनीव्हा येथें निवर्तला.

स्वतः ज्या दारानें आंत आलों, तें दुसऱ्यासाठीं लावून घेण्याचा मोह थोरांनाही सुटत नाहीं. आमच्या व्यापारी बंधूंनीं तो टाळावा. तुमच्या दुकानीं पापडखार तोलणाऱ्या मुलाला शाळेसाठीं वेळ द्या, आणि खासगी शिकवणीवर जें द्रव्य खर्चितां, त्याचा अल्प अंश गांवच्या शाळेंतील प्रयोगशाळेस द्या. घोकलेलें ज्ञान परीक्षेपुरतें टिकतें. हातानें पारखलेलें जन्मभर पुरतें.