प्राध्यापक बाबासाहेब

१४ एप्रिलला आपण घटनाकार बाबासाहेबांवर भरभरून बोलतो. वर्गात उभे राहणारे बाबासाहेब मात्र भाषणांत क्वचितच येतात. कसालला महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो, तिथे सकाळी एसटीची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलांना विचारा, सरांना शेवटचा प्रश्न कधी विचारला होता? बहुतेक जण हसतात.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव, म्हणजे ते आपल्या कोकणचेच. जन्म १८९१, महू. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे जॉन ड्यूई यांच्यासारखे शिक्षक लाभले. विद्यार्थ्याने ऐकून घ्यायचं नसतं, शिक्षकासोबत शोध घ्यायचा असतो, हा ड्यूईंचा विचार.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सहकारी प्राध्यापकांनी पिण्याच्या पाण्यावरून विटाळ मानला. दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थी मात्र त्यांच्या तासाला येऊन बसत!

१९२७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीपुढे त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. नुसत्या परीक्षा घेऊन पदव्या वाटणारं विद्यापीठ त्यांना मान्य नव्हतं. पदवी आणि पदव्युत्तर वर्ग वेगळे केले तर संशोधन आणि अध्यापन दोन्हींची ताटातूट होते, हा त्यांचा मुद्दा. आपल्या कार्यकर्त्यांनी हे निवेदन जरूर वाचावं.

१९३५ पासून ते शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पण मनासारखं कॉलेज उभं राहिलं ते १९४६ मध्ये. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज सकाळी भरायचं, नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. तिथे विद्यार्थ्यांचं पार्लमेंट होतं. १९५० मध्ये हिंदू कोड बिलावर बोलायला बाबासाहेब त्याच पार्लमेंटसमोर उभे राहिले. देशाचा कायदामंत्री, समोर कॉलेजची पोरं.

त्याच वर्षी औरंगाबादला कॉलेज निघालं. पुढे त्याला नाव दिलं मिलिंद. मिलिंद हा ग्रीक राजा, भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा, आणि पटल्यावर प्रांजळपणे मान्य करणारा. परिसराला नागसेनवन म्हणतात, कॉलेजला मात्र नाव विचारणाऱ्याचं.

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात हे सांगितलं, तेव्हा एका मुलीने विचारलं, मग आमच्या कॉलेजात असं पार्लमेंट का नाही? मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी त्याच प्रश्नावर बसायचं ठरलं आहे.