रेषा आधी, राष्ट्र नंतर : इराकचे राजे पहिले फैसल

२३ ऑगस्ट १९२१ रोजी सकाळी बगदादमध्ये फैसल यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा नव्या देशाला स्वतःचे राष्ट्रगीतही नव्हते. बँडने ब्रिटनच्या राजाचे गीत वाजवले. बसरा, बगदाद आणि मोसुल या उस्मानी साम्राज्याच्या तीन प्रांतांतून ब्रिटिशांनी हा देश घडवला होता आणि त्यासाठी निवडलेला राजाही बाहेरचाच होता.

फैसल यांचा जन्म १८८५ मधला, अरबस्तानातील हिजाझ प्रांतातला. मक्केचे शरीफ हुसेन यांचे ते तिसरे पुत्र. १९१६ मध्ये वडिलांनी उस्मानी सत्तेविरुद्ध बंड पुकारले आणि फैसल त्याचे सेनानी झाले. बदल्यात स्वतंत्र अरब राज्याचे आश्वासन होते; पण त्याच वर्षी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी गुप्त कराराने अरब प्रदेश आपसांत वाटून घेतला. मार्च १९२० मध्ये दमास्कस येथे फैसल सीरियाचे राजे घोषित झाले. जुलैत फ्रेंच फौजेने त्यांना हुसकावून लावले. पुढच्याच वर्षी कैरोच्या परिषदेत ब्रिटनने त्यांच्यासाठी इराकचे सिंहासन मुक्रर केले.

इराकची ही भूमी आपल्याला अगदीच परकी नाही. आज बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जुन्या पलटणी पहिल्या महायुद्धात तेथेच लढल्या. कूतच्या वेढ्यातही मराठे शिपाई अडकले होते. ब्रिटिश फौजेबरोबर गेलेला हिंदुस्थानी रुपया तर १९३२ मध्ये दिनार येईपर्यंत इराकच्या बाजारात चालत होता.

फैसल यांच्या निवडीवर सार्वमताचे शिक्कामोर्तब झाले. ९६ टक्के कौल त्यांच्या बाजूने पडल्याचे जाहीर झाले. मात्र किर्कुकने विरोध नोंदवला आणि कुर्दबहुल सुलेमानियाने मतदानात भागच घेतला नाही. शिया बहुसंख्य, सत्ता सुन्नी अधिकाऱ्यांकडे, उत्तरेला कुर्द, शिवाय ज्यू, ख्रिस्ती आणि आपापल्या शेखांना मानणाऱ्या टोळ्या. इराकी म्हणून निष्ठा कोणाची, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा होता.

फैसल स्वतः सुन्नी. पण राज्याभिषेकासाठी त्यांनी शिया पंथीयांच्या गदीर सणाचा दिवस निवडला. शाळा आणि सैन्य यांतून एक समाज घडेल, अशी त्यांची धारणा होती. ब्रिटनशी उघड वैर न धरता ते एकेक अधिकार पदरात पाडून घेत गेले. ३ ऑक्टोबर १९३२ रोजी इराक स्वतंत्र देश म्हणून राष्ट्रसंघाचा सभासद झाला.

या यशाने ते हुरळले नाहीत. अखेरच्या काळात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसाठी एक टिपण लिहिले. इराकी जनता अशी अजून अस्तित्वातच नाही; आहेत ते परस्परांवर अविश्वास असलेले समूह, असे त्यांचे निदान होते. सरकारजवळ १५,००० बंदुका असताना लोकांजवळ लाखाहून अधिक आहेत, हेही त्यांनी नोंदवले. उपाय मात्र त्यांनी बंदुकीत शोधला नाही. प्रत्येक समूहाच्या श्रद्धेचा मान राखावा, त्याला कारभारात वाटा द्यावा आणि धीराने पुढे जावे, असा त्या टिपणाचा रोख होता.

तेवढा वेळ त्यांना मिळाला नाही. ऑगस्ट १९३३ मध्ये उत्तरेतील सिमेले गावात इराकी सैन्याने शेकडो निःशस्त्र असिरियन ख्रिस्ती कापून काढले. परत आलेल्या सैन्याचे रस्तोरस्ती जल्लोषात स्वागत झाले. फैसल ज्या एकोप्यासाठी झटले, तो प्रथमच रस्त्यावर दिसला, आणि तो एका दुबळ्या समाजाच्या रक्तावर उभा होता. थकलेल्या राजाचे तेथे काही चालले नाही. उपचारांसाठी ते स्वित्झर्लंडला गेले आणि ८ सप्टेंबर १९३३ रोजी बर्न येथे निवर्तले. वय अवघे ४८.

तीनच वर्षांनी, सिमेलेच्या कारवाईचे नेतृत्व करणाऱ्या सेनानीने बगदादमध्ये लष्करी उठाव केला. १४ जुलै १९५८ रोजी फैसल यांचे नातू, राजे दुसरे फैसल, सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले आणि राजघराणे संपले. इराकच्या सीमा मात्र बहुतांशी तशाच राहिल्या.

सीमेची रेषा परका अधिकारी एका बैठकीत आखू शकतो. त्या रेषेच्या आतल्या माणसाला हा देश माझा वाटावा, यासाठी त्याची भाषा, श्रद्धा आणि जीव तेथे सुरक्षित असावे लागतात. सीमाभागात पिढ्या काढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. फैसल यांना ते उमगले होते. त्यांच्या सैन्याला उमगले नाही.