राजाने घराण्याचे नाव बदलले

मुंबईच्या 'गेट वे ऑफ इंडिया'मुळे इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज आपल्याकडे परिचित आहेत. त्यांच्या १९११मधील भेटीचे ते स्मारक. ३ जून १८६५ रोजी जन्मलेले हे धाकटे राजपुत्र नौदलात होते. थोरल्या भावाच्या अकाली निधनामुळेच १९१०मध्ये ते गादीवर आले.

पहिल्या महायुद्धात मात्र घराण्याचे नावच आड आले. आजोबांकडून आलेले सॅक्स-कोबर्ग-गोथा हे नाव जर्मन. शत्रूचा सम्राट कैसर विल्हेल्म तर सख्खा आतेभाऊ! त्यातच जून १९१७मध्ये लंडनवर बॉम्बफेक करणाऱ्या विमानांचे नावही गोथाच निघाले.

नवे नाव निवडणे सोपे नव्हते. ट्यूडर-स्टुअर्ट हे नाव पुढे आले. पण ट्यूडर म्हटले की दोन राण्यांचा शिरच्छेद करविणारा आठवा हेन्री आठवणार आणि स्टुअर्ट म्हटले की स्वतःच शिरच्छेदाला सामोरा गेलेला पहिला चार्ल्स. युद्धकाळात राजाला हे परवडणारे नव्हते. अखेर खासगी सचिव लॉर्ड स्टॅमफर्डहॅम यांनी राजवाड्याच्या किल्ल्याचेच नाव सुचविले. १७ जुलै १९१७ रोजी 'विंडसर' जाहीर झाले.

नातलगांनीही जर्मन नावे टाकली. बॅटनबर्गचे माउंटबॅटन झाले. त्यांच्यापैकीच एक लुई माउंटबॅटन १९४७मध्ये भारताचे अखेरचे व्हाइसरॉय म्हणून दिल्लीत आले. तोवर पंचम जॉर्ज यांच्या निधनाला अकरा वर्षे उलटली होती.