वेर्नर बिशॉफ : वाटेवरचा छायाचित्रकार

स्वित्झर्लंडमधील झ्युरिक येथे १९१६ साली जन्मलेल्या वेर्नर बिशॉफ यांनी तेथील कलाशाळेत हान्स फिन्सलर यांच्याकडे छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. आरंभी स्टुडिओच्या शांततेत शंख-शिंपले, पाने आणि छायाप्रकाश यांचे सौंदर्य टिपण्यात ते रमले होते. दुसऱ्या महायुद्धाने त्यांची दृष्टी पालटली. १९४५ मध्ये त्यांनी उद्ध्वस्त युरोपचा प्रवास आरंभिला. पडकी घरे आणि निराधार बालके यांच्या छायाचित्रांतून युद्धाची खरी किंमत दिसू लागली. १९४९ मध्ये ते ‘मॅग्नम’ या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेत सामील झाले आणि भ्रमंती हेच त्यांचे जीवन झाले.

१९५१ मध्ये ते भारतात आले. बिहारमधील दुष्काळाची त्यांची कृष्णधवल छायाचित्रे अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. मूल जवळ घेऊन अन्नासाठी हात पसरणारी माता जगाने पाहिली. दैन्य टिपतानाही त्यांनी माणसाची प्रतिष्ठा ढळू दिली नाही. पुढे जपान, कोरिया, इंडोचायना असा त्यांचा प्रवास झाला.

मे १९५४ मध्ये पेरू देशात कुस्कोच्या वाटेवर बासरी वाजवत चाललेला मुलगा त्यांनी टिपला. त्याच महिन्याच्या १६ तारखेस अँडीज पर्वतात मोटार दरीत कोसळून अवघ्या ३८व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

स्टुडिओत कमावलेली रेखीवता त्यांनी टाकून दिली नाही. ती भुकेल्या, बेघर माणसांच्या कामी लावली. अंगचे कौशल्य कोणासाठी वेचावे, याचा वस्तुपाठ या अल्पायुषी जीवनात आहे.