घार, वानरी आणि पोरकी जनी: गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या अभंगांत प्राणी कशासाठी येतात?

माणूस आणि प्राणी यांच्यातील मायेवरची पुस्तके म्हटली, की हल्ली घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या आठवणी किंवा जंगलातील भटकंतीची वर्णने डोळ्यांसमोर येतात. मराठीत हा धागा फार जुना आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडमध्ये जन्मलेल्या संत जनाबाईंनी सुमारे सातशे वर्षांपूर्वी पक्षी, घार आणि वानरी यांच्याकडे पाहून आई म्हणजे काय, हे सांगितले. स्वतः जनाबाई मात्र आईविना वाढल्या होत्या.

जनाबाई कोण होत्या?

गोदावरीकाठचे गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मगाव. परंपरेनुसार वडिलांचे नाव दमा आणि आईचे करुंड. दोघेही विठ्ठलभक्त होते. जनाबाई लहान असतानाच त्यांना पंढरपूरला दामाशेटी शिंपी यांच्या घरी ठेवण्यात आले. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. नामदेवांचा जन्म १२७० चा मानला जातो. त्यांचे मूळ गाव समजले जाणारे नर्सी तेव्हाच्या परभणी परिसरातले. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि नर्सी तिकडे गेले.

नामदेवांच्या घरात जनाबाईंचे सारे आयुष्य गेले. लहानग्या नामदेवांना त्यांनीच सांभाळले, असे परंपरा सांगते. पुढे त्याच नामदेवांना त्यांनी गुरुस्थानी मानले आणि अभंगांत स्वतःची ओळख नामदेवांची दासी अशीच करून दिली. आई गेली, बाप गेला, आता विठ्ठला तूच सांभाळ, या आशयाचा त्यांचा अभंग प्रसिद्ध आहे. हे पोरकेपण लक्षात ठेवले, तर त्यांच्या अभंगांतील प्राणी अधिक नीट कळतात.

त्यांचा दिवस कसा जात असे?

दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे आणि शेण गोळा करून गोवऱ्या थापणे. ही सारी कामे त्यांच्या अभंगांत आणि त्यांच्याविषयीच्या कथांत येतात. दळताना विठ्ठल जात्याच्या खुंट्याला हात लावतो, शेणी वेचू लागतो, अशी ही कथा-अभंगांची सृष्टी आहे.

गोवऱ्यांची कथा तर घरोघरी माहीत आहे. संत कबीर भेटीला आले, तेव्हा जनाबाई दुसऱ्या एका बाईशी गोवऱ्यांवरून भांडत होत्या. आपल्या गोवऱ्या ओळखायच्या कशा, तर ज्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल त्या आपल्या, असे त्यांनी सांगितले. कबीरांचा काळ सहसा पंधराव्या शतकातला धरतात, त्यामुळे ही भेट इतिहासात बसत नाही. पण गोठ्यातल्या शेणालाही नामाचा आवाज असतो, ही कल्पना जनाबाईंच्या नावाशीच जोडली गेली, हे महत्त्वाचे.

अभंगांत कोणते प्राणी येतात?

त्यांच्या एका अतिशय लोकप्रिय अभंगात चार चित्रे एकापाठोपाठ येतात. चाऱ्यासाठी दूर गेलेला आणि पिलांसाठी तो घेऊन येणारा पक्षी. आकाशात फिरत असूनही पिलाकडे झेपावणारी घार. कामात गुंतलेली, पण चित्त बाळापाशी असलेली माणसाची आई. आणि पिलाला पोटाशी बांधून झाडावरून हिंडणारी वानरी. शेवटी जनाबाई म्हणतात, की विठ्ठल आमची अशीच आई आहे.

इथे दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे माणसाच्या आईला वेगळे आसन नाही. ती घार आणि वानरी यांच्या मधोमध, त्यांच्याच ओळीत बसली आहे. दुसरी गोष्ट अशी, की या साऱ्या आया कामात आहेत. कोणी अन्न शोधते आहे, कोणी घरकामात आहे, कोणी पोर घेऊनच फिरते आहे. दिवसभर राबणाऱ्या बाईला आईपण असेच दिसणार.

घारच का?

खेड्यात घार म्हणजे अंगणातली कोंबडीची पिल्ले उचलणारी. तिची सावली पडली, की बायका हाकारे घालतात. जनाबाईंनी मात्र तिची दुसरी बाजू पाहिली. दुसऱ्याच्या पिलावर झडप घालणारी घार स्वतःच्या पिलासाठीही तितक्याच वेगाने खाली येते. शिकारी पक्ष्याकडे आई म्हणून पाहणारी ही नजर आजच्या निसर्गलेखकांनाही जवळची वाटावी.

वानरीचा दृष्टांत वेगळा कसा?

जवळपास याच काळात दक्षिणेतील श्रीवैष्णव पंथात एक वाद चालू होता. देव आणि भक्त यांचे नाते माकडासारखे, की मांजरासारखे? माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते, म्हणजे भक्ताने प्रयत्न करायचा. मांजरी मात्र पिलाला तोंडात धरून नेते, म्हणजे सारा भार देवावर. यांनाच मर्कटन्याय आणि मार्जारन्याय म्हणतात. जनाबाईंच्या अभंगात दृष्टांत वानरीचा आहे, पण पिलाला बांधून घेण्याचे काम तिचे आहे. पकड सुटेल, ही भीती पिलाने बाळगायची गरज नाही. पोरक्या मुलीला हवी असलेली खात्री नेमकी हीच होती.

नामदेवांच्या घरातही हीच दृष्टी होती का?

नामदेवांच्या एका प्रसिद्ध अभंगात पिलू जमिनीवर पडताच झेपावणारी पक्षीण, भुकेल्या वासराकडे हंबरत धावणारी गाय आणि वणव्यात पाडसाची चिंता करणारी हरिणी येते. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतही वासराविना कासावीस झालेली गाय भेटते. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्याच घरात जनाबाईंचे अभंग घडले.

हे अभंग आपल्यापर्यंत कसे आले?

जनाबाईंच्या नावावरचे सुमारे ३५० अभंग नामदेव गाथेच्या छापील आवृत्त्यांत मिळतात. हरिश्चंद्राख्यान, थालीपाक अशा आख्यानरचनाही त्यांच्या नावावर आहेत. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ या ग्रंथाने त्यांच्या कथा गावोगावी पोहोचवल्या. पण ग्रंथांच्या बरोबरीने काम केले ते जात्याने. पहाटे दळताना बायकांनी जनीच्या ओव्या म्हटल्या, त्यांत आपलीही भर घातली. म्हणूनच त्यांच्या नावावरचा प्रत्येक शब्द त्यांचाच, असे अभ्यासक मानत नाहीत.

परंपरेनुसार १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेव आणि त्यांच्या कुटुंबासोबत जनाबाईंनीही पंढरपूरच्या महाद्वारी समाधी घेतली. आज गंगाखेडला गोदावरीकाठी त्यांचे मंदिर आहे, तर पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात त्यांचे म्हणून जाते दाखवले जाते. घरोघरीची जाती कधीच थांबली. चाऱ्यासाठी लांब गेलेल्या पक्ष्याचा अभंग मात्र अजून म्हटला जातो, आणि पोर घरी ठेवून कामाला निघालेल्या आईला तो आजही आपलाच वाटतो.